करडईचा ख

मुरुमला मला जी खोली मिळाली ती पोरांना अक्षरं शिकवण्याच्या बोलीवर मिळाली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे त्या नवरात्रात माझा जीव कशापायी टांगणीला लागला होता ते कळेल.

माझे यजमान तिथल्या एका आडत दुकानात दिवाणजी होते. लग्न झाल्यावर दीड वर्ष ते मुरुमला आणि मी कोकणात सासरी, असंच चाललं. दुकानातली माणसं पेढीवरच अंग टाकत. बायको आणायची तर ठेवायची कुठं? दुकानाच्या मालकांना सगळे अप्पा म्हणत. त्यांच्या नातवाला पाचवं लागलं तसं त्यांच्या मनानं घेतलं, की पोरगं निजामाच्या सरकारी शाळेत जाऊन उर्दूचं अलिफ-बे घोकायला लागण्याआधी आपली अक्षरं त्याच्या डोळ्यांखालून जावीत. ते नुसतं बोलले आणि यजमानांनी ठोकून दिलं, की आमच्या मंडळींची चौथी झालीय.

माझी कसली चौथी. तिसरीचं वर्ष अर्धं सरलं तेव्हा आई अंथरुणाला खिळली, धाकट्यांना बघायला कुणी नव्हतं, आणि मी पाटी फळीवर ठेवली ती ठेवलीच. ङ आणि ञ ही अक्षरं कशासाठी असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पण चौथीच्या त्या थापेवर मला खोली मिळाली, नवरा मिळाला म्हणा ना, आणि ती थाप मोडून काढायची माझी छाती झाली नाही.

माहेरी सगळे म्हणत, पोर मोगलाईत दिली. सोलापूरपर्यंत आगगाडी, पुढं मोटार, आणि सडकेवरून आत बैलगाडी. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं माझं बोचकं सोडून नारळ एकेक कानाशी हलवून पाहिले. खोली दुकानामागची, पूर्वी पोती रचायची. भिंतीलासुद्धा तुरीच्या भुशाचा वास. पण अप्पांच्या आईनं, म्हणजे अव्वांनी, मी यायच्या आधीच ती सारवून घेतली होती, चूल मांडून ठेवली होती, आणि पहिल्या दिवशी भाकरी नि शेंगांची चटणी स्वतः घेऊन आल्या. मला त्यांचं कानडी येत नव्हतं, त्यांना इकडचं मराठी येई, पण माझं नाकातलं बोलणं कळत नव्हतं. मी वाढून घेताना त्या "साकु?" म्हणायच्या, म्हणजे पुरे का. मी मान हलवायची. एवढ्यावर आमचं जमलं. त्या बाईचे उपकार मी आजही विसरले नाही.

अट अप्पांनीच घातली, पण माझ्याशी बोलून नव्हे. तरण्या सुनांशी ते समोरासमोर बोलत नसत. मी दाराआड उभी आणि ते आईला सांगतायत, असं ते बोलणं.

"दसऱ्याला पोरांची अक्षरं बघतो म्हणावं. आली तर खोली त्यांचीच. न्हाय आली तर मग माल येईलच, पोती ठेवायला जागा लागंल."

म्हणजे मी परत कोकणात आणि यजमान परत पेढीवर. दसऱ्याला तेव्हा चार महिने होते. मला वाटलं, चार महिन्यांत काय, बाराखडीसुद्धा होईल.

पोरं सहा. अप्पांचा नातू, त्याची धाकटी बहीण, शेजारच्या दुकानांतली तीन, आणि मापाडीचाचांची नात. मापाडीचाचा म्हणजे दुकानात धान्य मोजणारा म्हातारा. एकाला 'लाभ' म्हणून मोजणी सुरू करायची आणि पुढं दोन, तीन करत दिवसभर त्याच सुरात. ही नात त्याची भाकरी घेऊन यायची आणि तिथंच रेंगाळायची. एक दिवस ती सरळ पोरांत येऊन बसली, कुणी उठवलं नाही. शाळा हा शब्द मात्र अप्पा उच्चारू देत नसत. शाळा म्हटलं की सरकारची परवानगी आली. कुणी विचारलं तर पोरं खेळतात म्हणून सांगायचं.

आणि खेळतच होती. पाटीसमोर एक पोर टिकेना. पेन्सिली चघळायच्या, पाटीवर थुंकायचं, पुसायचं, परत थुंकायचं. मी स्वतः अक्षरं शिकले ती धूळपाटीवर. फळीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटानं गिरवायचं. पण एवढ्या मोठ्या दुकानाच्या घरात पोरांना धुळीत बसवायचं म्हणजे आपल्या गरिबीचं प्रदर्शन, असं मला वाटलं. म्हणून मी डोकं चालवलं. या पोरांचे हात सारखे पोत्यांत. मग धान्यानंच अक्षरं मांडली तर?

अव्वांना विचारलं. लढाईचे दिवस, धान्य दिसेनासं झालेलं. त्या म्हणाल्या, चांगल्या धान्याला हात लावायचा नाही. दुकानाची झाडण घ्या, आणि पायाखाली दाणा आला तर कपाळाला लावा. मी झाडण आणून पाखडली, निवडली, वेगवेगळ्या वाट्यांत भरली. जमिनीवर खडूनं हातभर अक्षर काढायचं आणि पोरांनी त्या रेघेवर एकेक दाणा मांडत जायचं. दिसायला छान दिसावं, लक्षातही राहावं, म्हणून प्रत्येक अक्षराला धान्य वेगळं. क शाळूचा. ख करडईचा. ग तुरीचा, घ हरभऱ्याचा, च मुगाचा. ट मसुरीचा आणि ठ हुलग्याचा.

काय सांगू, पोरं हलेनात जागची. दाण्याला दाणा लावत बसायची. पोळ्यापर्यंत मी लांबून नुसतं बोट दाखवलं की सहाही जणं एका आवाजात अक्षर सांगायला लागली. अप्पा एकदा दारातून बघून गेले आणि आईला म्हणाले, बरं चाललंय. त्या दिवशी मी भावाला कार्ड लिहिलं. लिहिताना मलाच दोन शब्द अडले, पण लिहिलं.

घटस्थापनेची सकाळ. अव्वा पत्रावळीत माती घालून बसल्या होत्या, घटाखाली पेरायला धान्य हवं होतं. त्यांनी नातवाला हाक मारली आणि वाट्या आणायला सांगितल्या. तो पळत गेला, वाट्या घेऊन आला आणि एकेक पुढं ठेवत म्हणाला, "हे घे क. हे ख. अन् हे ग."

अव्वा हसायला लागल्या. "घ्या. आमच्या घटात यंदा कखग उगवायचं."

सगळे हसले. मीही हसले आणि मग वाट्यांकडं बघितलं. पोरानं वाटीला ख म्हटलं होतं. वाटीत कुठलं अक्षर नव्हतं, नुसती करडई होती.

मी पदर खोचून तुरीची नि मुगाची वाटी उचलली, खोलीत गेले आणि तुरीनं क मांडला. नातवाला बोलावलं. त्यानं बघितलं, न बघितल्यासारखं, आणि म्हणाला, "ग." मुगानं ठ मांडला. "च." माझा आवाज चढला तसा त्याचा बारीक झाला, पण उत्तर बदललं नाही.

मापाडीचाचा ओट्यावर बिडी ओढत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. ते दारात येऊन उभे राहिले. आदल्या दिवशी मांडलेली अक्षरं एका कोपऱ्यात तशीच होती. चाचांनी जन्मात पाटी हातात धरली नव्हती. सही म्हणून ते बोटाचा ठसा द्यायचे. त्यांनी काठीनं एकेका अक्षराकडे दाखवलं. "ह्यो घ. ह्यो च. ह्यो तुमचा ट." सगळी बरोबर.

"म्या बी शिकलो बघा बाई," ते म्हणाले. "पर माझं काय, हुलगा म्या आंधळा झालो तरी वळखीन. ही पोरं बी दुकानाचीच. अक्षर न्हाय वळखत, माल वळखत्यात."

ते चेष्टेनं म्हणाले, पण मला रडू आलं. खरंच होतं. या घरात दीड वर्षाच्या पोराच्या मुठीत अप्पा दाणे ठेवत आणि विचारत, काय आहे सांग. मुठीत न बघता पोरं तूर कुठली आणि मटकी कुठली सांगत. त्यांना मी रंगीत अक्षरं दिली आणि त्यांनी त्यातलं जे त्यांना आधीच येत होतं तेवढं उचललं. बाकीचं खडूच्या रेघेसारखं दाण्याखाली झाकून टाकलं. इतके दिवस मी त्यांना धान्य शिकवत होते, जे त्यांना माझ्यापेक्षा जास्त येत होतं.

उरले नऊ दिवस.

रात्री यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, अप्पांना काय कळतंय, ते मोडीवाले, बाळबोध वाचताना ते स्वतःच अडतात. मला त्यांचा राग आला. चौथीची थाप यांनी मारायची आणि नऊ दिवस मी जळायचं.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला, सगळी अक्षरं एकाच धान्याची. पण एका धान्याची एवढी झाडण कुठली? म्हणून सगळ्या वाट्या एकत्र केल्या, मिसळ केली, आणि त्या मिसळीनं क मांडायला सांगितला. पोरं बसली, आणि थोड्या वेळानं बघते तर प्रत्येकापुढं लहान लहान ढीग. मूग एकीकडं, तूर एकीकडं. निवडत बसली होती. निवडू नका, मांडा, असं मी दहादा सांगितलं. नातू अगदी समजूत घालावी तसा मला म्हणाला, "पर अक्का, मिसळ झालाय माल. भाव न्हाय येणार."

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

ज्यांच्या खोलीत राहते त्यांच्या नातवाला. तो रडला नाही, नुसता बघत राहिला, आणि मी संध्याकाळपर्यंत दाराकडं कान लावून बसले की आता कोण येतं बोलवायला. कुणी आलं नाही. त्यानं घरात सांगितलंच नव्हतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसरा दिवस राखेत गेला. शेवटी आले ना मी धुळीवर. सुपात चुलीची राख पसरली आणि बोटं धरून गिरवायला लावलं. दोघांना जमलं, बाकीच्यांनी एकमेकांच्या कपाळाला राख फासली आणि स्वामी झाले, भिक्षा मागत अंगणभर फिरले. चौथ्या दिवशी मी कुणाला काही शिकवलं नाही. ओट्यावर बसून राहिले. आता नारळाचं बोचकं परत बांधायचं, एवढंच डोक्यात.

पोरं अंगणात घाण्याचा बैल खेळत होती. एकाचे डोळे फडक्यानं बांधायचे, त्यानं गोल फिरायचं, बाकीच्यांनी हाकायचं. पोती बांधायचं चऱ्हाट अंगणात पडलं होतं. चाचांच्या नातीवर डाव होता. डोळे बांधलेली ती पोर त्या चऱ्हाटावर पाय पडल्याबरोबर थांबली, अंगठ्यानं चाचपलं, आणि मग हाकणाऱ्यांकडं लक्ष न देता चऱ्हाट जिथं जाईल तिथं एकेक पाऊल टाकत निघाली. चऱ्हाट वळलं की ती वळायची. संपलं तिथं उभी राहिली.

मी उठले. चऱ्हाट उचललं आणि त्याचा ठ मांडला. वर दांडी आणि खाली पुरा वेढा. तिला दांडीच्या टोकाशी उभं केलं. ती चालली, खाली उतरली, वळली, वळत वळत परत दांडीखाली आली.

"घाणा," ती म्हणाली.

"घाणा पुरा झाला की ठ," मी म्हटलं. मग चऱ्हाट अर्ध्यावर सोडलं. "आणि बैल मधेच अडला तर ट."

बाकीच्या पाचांनी लगेच भांडण सुरू केलं, आता माझा डाव. चऱ्हाट सगळीकडं सारखंच. त्यात ना तूर ना करडई. निवडायला काही नाही.

पुढचे चार दिवस अंगणात हेच. शेजारणी ओट्यावर येऊन बसायच्या आणि विचारायच्या, काय बाई, पोरांना घाण्याला जुंपताय की काय. चाचा नातीला म्हणायचे, बघ, तेल निघालं तर सांग. मला हसू येत नव्हतं. कारण एवढं करूनही नातवाचं घोडं अडत होतं. चालला की सांगायचा, बिनचूक. तेच अक्षर पाटीवर काढून दाखवलं की तोंड मिटून उभा. मी चिडले, समजावलं, गूळ दिला, परत चिडले. चाचांच्या नातीला पाटीवरचं, चऱ्हाटाचं, राखेतलं, सगळं येत होतं. अप्पा तिला विचारणार नव्हते.

खंडेनवमीला तागडी, वजनं, मापं धुऊन पुजली, पाट्याही त्यांच्याशेजारी मांडल्या. त्या दिवशी लिहायचं वाचायचं नाही. तोही दिवस गेला.

दसऱ्याच्या सकाळी अप्पा बैठकीवर बसले. पोरं पुढं उभी. मी आतल्या दारात, मध्ये गोणपाटाचा पडदा. तो जमिनीपासून वीतभर वर होता, म्हणून मला सगळ्यांचे फक्त पाय दिसत होते. अप्पांनी पाटी घेतली नाही. पंचांग मागून घेतलं, ते मला ऐकू आलं. आमची अक्षरं हातभर, पंचांगातली ज्वारीच्या दाण्याएवढी.

नातीला आधी विचारलं. अप्पांच्या नातीला. तिनं क सांगितला, ग सांगितला, दोन चुकली, आणि लाजून अव्वांच्या मागं गेली. मग नातवाला पुढं घेतलं. अप्पांनी पानावर बोट ठेवलं असणार. तो गप्प.

"सांग की," अप्पा म्हणाले.

तर तो विचारतो काय, "हे कशाचं हाय?"

"कशाचं म्हंजे? शाईचं."

मागं चाचांच्या नातीचे पाय चुळबुळत होते. तिला येत होतं, मला ते तिच्या टाचांवरून कळत होतं. पण तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात नातवाचे पाय हलले. आधी मला वाटलं, पळतोय. नाही. एक पाऊल त्यानं सरळ पुढं टाकलं. मग पावलाला पाऊल लावून उजवीकडून वळायला लागला. मी पडदा मुठीत धरला. ट तरी असणार नाहीतर ठ तरी. पानावर काय आहे मला दिसत नव्हतं, आणि त्याचे डोळे मिटलेले असणार हे मला न बघता माहीत होतं. अर्धा वेढा झाला. तो थांबला नाही. तसाच फिरत, वळायला लागला होता तिथं परत आला आणि दोन्ही पाय जुळवून उभा राहिला.

"ठ," तो म्हणाला.

अप्पांनी पान उलटलं, त्याची सळसळ ऐकू आली. दुसरं अक्षर. तो परत चालला; वळला, मग एक उडी बाजूला आणि सरळ उभी रेघ. त्यानं ग सांगितला. तिसरं चालता चालता त्याचा पाय अव्वांच्या तांब्याला लागला, पाणी सांडलं, आणि ते अक्षर तो विसरला. चौथं सांगितलं.

अप्पांनी पंचांग मिटलं. "बरोबर हाईत," ते आईला म्हणाले. "पर हे काय नाचणं लावलंय? शाळंत मास्तर नाचू देणार हाय का?"

अव्वा सावकाश म्हणाल्या, "तू दाणा वळखताना डोळं मिटतूस. मी काय म्हणते का तुला?"

मग अप्पा आईलाच, पण मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "पोती पडवीत ठिवू यंदा. संक्रांतीपत्तोर त्याला एका जागी उभं राहून सांगाय शिकवा म्हणावं."

मी आत येऊन चुलीपुढं बसले. आनंद झाला असं म्हणणं बरोबर नाही. तीन महिन्यांची मुदत मिळाली आणि त्याबरोबर डोकेदुखीही. यजमान आत येऊन म्हणाले, बघ, मी म्हटलं नव्हतं? मी चुलीत लाकूड सारलं. थोड्या वेळानं मापाडीचाचा नातीला घेऊन दारात आले. आमच्या रिवाजानं मी आपट्याची पानं त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती डोळ्यांना लावली. पोर हिरमुसली होती. "हिला कुणी इचारलंच न्हाय बाई," चाचा म्हणाले. "घरापत्तोर रडत चाललीती, म्हून परत घिऊन आलो. तुमी तरी इचारा."

मी तिला एकेक करून सगळी अक्षरं विचारली. एकही चुकली नाही. शेवटी तिनंच मला विचारलं, अजून कुठली राहिलीत का. दोन राहिली होती, ती मी गाळलेली. म्हटलं, राहिलीत, पण ती मलाच येत नाहीत. कुणापाशी ते कबूल करण्याची माझी ती पहिली वेळ. तिनं आजोबाचा हात धरला आणि दोघं गेली.

दुसऱ्या दिवशी सहाही जणांना भिंतीला पाठ लावून उभं केलं. सांगितलं, आज कुणी पाय हलवायचा नाही, मी पाटीवर दाखवेन, जागेवरून सांगायचं. पाटीवर ट काढला. नातवानं पाय घट्ट रोवले, ओठ दाबले, पाटीकडं टक लावून बघितलं.

पाय हलले नाहीत. अंगठे हलत होते.